समजून घ्या : 'जिनपिंग' की 'शी'? चिनी माणसाला हाक मारायची तरी कशी?

म्हसा यात्रेच्या बैलबाजारात ओळखीच्या व्यापाऱ्याला लोक 'काय भोईर शेठ' अशी हाक मारतात. आधी आडनाव, मग मान. मुरबाडच्या एमआयडीसीत चिनी मशीन बसवायला एखादा तंत्रज्ञ आला, तर हीच सवय कामी येईल.

आडनाव कुठले?

चिनी नावात आडनाव पहिले, व्यक्तीचे नाव नंतर. आपल्याकडे अनेक सरकारी अर्जांत हाच क्रम असतो. चिनी माणूस मात्र बोलतानाही तो पाळतो. आडनाव बहुतेक वेळा एकाच अक्षराचे असते : वांग, ली, जांग. म्हणजे शी जिनपिंग यांचे आडनाव 'शी'. मथळ्यांत (आमच्याही) सर्रास 'जिनपिंग' छापले जाते. २०१४ मध्ये ते भारतात आले तेव्हा तर एका वृत्तनिवेदिकेने इंग्रजीतील 'शी' हा रोमन आकडा समजून 'इलेव्हन जिनपिंग' वाचले होते!

सोलापूरचे 'के'

या पद्धतीचे आपल्या घरचे उदाहरण म्हणजे डॉ. द्वारकानाथ कोटणीस. १९३८ मध्ये भारतीय वैद्यकीय पथकातून ते चीनला गेले आणि तिथे 'के दिहुआ' झाले. कोटणीसमधला 'को' चिनी वळणाने 'के' होऊन आडनाव बनला. 'हुआ' म्हणजे चीन. पथकातील पाचही डॉक्टरांच्या चिनी नावांच्या शेवटी हेच अक्षर होते. त्यांच्या पत्नी गुओ छिंगलान लग्नानंतरही 'गुओ'च राहिल्या, कारण चीनमध्ये आज बायका सहसा आडनाव बदलत नाहीत. तेव्हा चिनी साहेबांच्या पत्नीला 'मिसेस वांग' म्हणण्याआधी जरा थांबा. मुलाचे नाव ठेवले 'यिनहुआ'. यिन म्हणजे भारत. तो काही महिन्यांचा असतानाच, ९ डिसेंबर १९४२ रोजी, डॉक्टर गेले.

सर, साहेब, काका

'जोशी सर' तसे 'वांग लाओशी'. पुरुषाला 'वांग शियानशेंग', म्हणजे वांग साहेब. ऑफिसात ओळख मुरली की वयाने मोठ्या सहकाऱ्याला 'लाओ वांग', लहानाला 'शियाओ ली'. पहिल्याच भेटीत हे नको. नुसते पहिले नाव घरच्यांसाठी आणि मित्रांसाठी.

एक घोळ मात्र उरतोच. परदेशी लोकांशी व्यवहार करणारे काही चिनी लोक कार्डावर स्वतःच क्रम उलटा करतात, काही जण 'टोनी', 'केविन' असे नाव घेतात. मेल पाठवण्यापूर्वी सरळ विचारा. चिनीत त्यासाठी खास प्रश्न आहे, 'नीन ग्वेईशिंग?' आपले शुभनाव विचारावे तसे ते आदराने आडनाव विचारतात. यातला 'नीन' म्हणजे 'आपण'. 'तू'साठी 'नी' वेगळा.