खणांची घरे, हप्त्यांची घरे

नगरहून पाथर्डीकडे जाताना करंजी घाट ओलांडला की थोड्या वेळाने तिसगाव लागते. (जिल्ह्याचे नाव आता अहिल्यानगर झाले आहे, आमच्या पिढीच्या तोंडी अजून नगरच आहे.) या पट्ट्यात पूर्वी घर मोजायचे ते खणांवर. 'किती खणांचे घर?' एवढे विचारले की सोयरीक जुळवणाऱ्याला समोरच्याची ऐपत कळे. आता 'कितवा हप्ता आला?' असे विचारतात.

माझी उमेदीची वर्षे बँकेत गेली, त्यातली काही याच बाजूच्या शाखांत. त्यामुळे घर दिसले की माझ्यातल्या कादंबरीकाराच्या आधी कर्ज मंजूर करणारा अधिकारी जागा होतो. हे घर स्वस्त म्हणतात, ते कुणाला स्वस्त, असा त्याचा पहिला प्रश्न असतो.

जुने माळवद कसे होते, हे आजच्या मुलांना सांगावे लागेल. दगडमातीच्या रुंद भिंती, वर लाकडी तुळया, त्यांवर किलचने, मग पालापाचोळा आणि सर्वांत वर पांढऱ्या मातीचा जाड थर. माती गावातली, हात भावकीतले. वैशाखातही आत गारवा. घर मोडले तर मातीची माती होई आणि लाकूड दुसऱ्या घराला लागे. मात्र त्याचे गोडवे गाणाऱ्यांनी एखादा पावसाळा त्याखाली काढून पाहावा! गळती, वाळवी, विंचू हे होतेच. सारवणाचे सारे काम बायकांच्या वाट्याला. आणि मिरगाआधी धाब्यावर माती टाकायची, ती थरावर थर चढत राही.

३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे किल्लारी परिसरात हेच वजन झोपलेल्या माणसांवर कोसळले. जिथे धाबे लाकडी खांबांवर तोललेले होते, तिथे भिंती पडूनही छत उभे राहिल्याची उदाहरणे होती. पण तो बारकावा कोण लक्षात ठेवतो? मातीचे घर म्हणजे मरण, एवढेच महाराष्ट्राच्या मनात राहिले. पत्रे आणि स्लॅब आले.

आजचे घरकुल २०१६ पासूनच्या प्रधानमंत्री आवास योजनेतले. सपाट प्रदेशात १ लाख २० हजार रुपये, किमान २५ चौरस मीटर जागा, शिवाय रोजगार हमीची सुमारे ९० दिवसांची मजुरी आणि शौचालयाचे १२ हजार. घर बाईच्या किंवा दोघांच्या नावे करण्यावर भर आहे, ही मला त्यातली सर्वांत मोलाची गोष्ट वाटते. पण एवढ्या पैशांत घर पुरे होत नाही. उरलेली रक्कम आणायची कुठून?

पाथर्डी तालुक्यातली अनेक कुटुंबे ऊसतोडीला जातात. नवराबायकोची जोडी म्हणजे एक 'कोयता'. मुकादम हंगामाआधी कोयत्यावर उचल देतो आणि ती श्रमातून फेडायची असते. घराला पैसे कमी पडले की उचल वाढते. म्हणजे स्लॅब उभा राहतो तो पुढच्या हंगामाच्या तोडणीवर, आणि मालक-मालकीण दिवाळीनंतर पाच-सहा महिने कारखान्याच्या फडाशेजारी पाचटाच्या कोपीत राहतात. घरी म्हातारी आणि कुलूप. परत येतात ते मार्च-एप्रिलात, स्लॅब तापायला लागतो तेव्हा. मग रात्री बाजा अंगणात. घरकुलाच्या कागदावर हा खर्च कुठेच दिसत नाही.

उपाय नाहीत असे नाही, आणि ते महागही नाहीत. छतावर चुन्याची सफेदी दिली तरी ताप कमी होतो. तेलंगणाने २०२३ साली थंड छतांचे धोरणच जाहीर केले. लॉरी बेकर यांनी केरळात विटा उभ्या लावून मधे पोकळी ठेवणारी भिंत रुजवली. तिच्यात सुमारे पाव हिस्सा विटा वाचतात आणि उष्णता कमी आत येते. भूकंपासाठी जोत्यावर आणि लिंटलवर सळईचा पट्टा मात्र हवाच, तिथे काटकसर नको.

पाण्याचे गणित तर तोंडी होते. २५ चौरस मीटर छतावर ५०० मिलिमीटर पाऊस धरला तर साडेबारा हजार लिटर. पाचवा हिस्सा वाया गेला म्हणा, दहा हजार उरले. पाच माणसांच्या पिण्या-रांधण्याला रोज तीस लिटर धरले तर जवळजवळ अकरा महिने. निम्मे जरी साठवले तरी टँकरची वाट पाहण्याचे दिवस निघतात. घरकुलाच्या नकाशात टाकीला जागा असली म्हणजे झाले. तशीच शेळीला आणि ओट्यालाही.

राहिला हप्ता. तो बांधकामाच्या टप्प्यावर मिळतो, जागेवरचा फोटो लागतो. जोत्याचे पैसे ऐन दिवाळीत आले तर कोयता तोवर कारखान्याच्या गाडीत बसलेला असतो आणि काम उन्हाळ्यापर्यंत थांबते. तेवढ्यात सिमेंटचा भाव बदलतो. बँकेत आम्ही पीककर्जाची तारीख हंगाम पाहून ठरवत असू. तोडणी मजुराचा पहिला हप्ता एप्रिलच्या सुरुवातीला त्याच्या खात्यावर पडला, तर तो स्वतः घरी असताना, मिरगाच्या आत, जोते आणि भिंती उभ्या होतात.