भूकंपात इमारत किती सरकेल?

मोठ्या भूकंपात काँक्रीटला भेगा पडतात, आतली सळई ताणली जाते, परत दाबली जाते. प्रत्येक हेलकाव्यात अशी ऊर्जा जिरते. ही गुंतागुंत अभियंते एका आकड्यात पकडतात : समतुल्य अवमंदन. हेलकाव्यात जिरलेल्या ऊर्जेला साठलेल्या कमाल ऊर्जेच्या ४ पाय (सुमारे १२.६) पटीने भागायचे. ही कल्पना जेकबसेन यांनी १९३० साली मांडली.

सळई शाबूत असताना हा आकडा ५ टक्के धरतात. प्रिस्टली आणि सहकाऱ्यांच्या सूत्रानुसार, सळई हार मानते त्या विस्थापनाच्या चौपट सरकणाऱ्या काँक्रीट चौकटीत तो १८ टक्क्यांवर जातो.

आकडा फुगवला की इमारत कागदावर कमी सरकते, आणि खरा धोका तिथेच आहे. भूभ्रंशाजवळच्या एकाच जोरकस झटक्यात ऊर्जा जिरायला पुरेसे हेलकावेच मिळत नाहीत. तिथे हा आकडा हात राखूनच धरावा.