जुन्या गाडीचा ‘अर्थ’

जुनी गाडी म्हणजे घरातले वडीलधारे माणूसच. कुर्ल्याच्या प्रीमियर कारखान्यातून बाहेर पडणाऱ्या फियाटला १९७० च्या दशकात ‘पद्मिनी’ हे नाव मिळाले आणि ती कितीतरी घरांची लेक झाली. मुंबईची काळी-पिवळी पद्मिनी टॅक्सी ऑक्टोबर २०२३ मध्ये निवृत्त झाली. घरातल्या पद्मिनी मात्र अजून कुठे कुठे तग धरून आहेत. त्यांचे इंजिन उघडता येते, पत्र्याला रंग देता येतो. घोडे अडते ते वायरिंगपाशी.

आमच्या मामंजींच्या पद्मिनीचे तेच झाले. निपाणीजवळचा तवंदी घाट रात्री उतरताना दिवे मिणमिणत. हॉर्न दाबला की आणखी मंद होत. मुले म्हणाली, “भंगारात देऊ या.” मामंजी काही बोलले नाहीत. त्यांचे गप्प बसणे आम्हाला कळते.

मिस्त्रींनी वायरला हात लावण्याआधी म्हटले, “अगोदर अर्थ बघू.” मी मराठी शिकवते, त्यामुळे हा ‘अर्थ’ मला फार आवडला! गाडीत बॅटरीचे ऋण टोक पत्र्याला जोडलेले असते. दिव्याकडे वीज वायरने जाते आणि परत येते ती पत्र्यातून. तिथे गंज असला की परतीची वाटच बंद.

हिशेब सोपा आहे. ४५ वॅटचे दोन दिवे म्हणजे ९० वॅट. घरातल्या २३० व्होल्टवर त्याला अर्धा अँपिअरही लागत नाही. गाडीच्या १२ व्होल्टवर मात्र साडेसात अँपिअर लागतात. एवढ्या प्रवाहाला थोडा गंजही जड जातो. जास्त उजेडासाठी शंभर वॅटचे बल्ब बसवले, तर सोळा अँपिअरहून अधिक प्रवाह जुन्या वायरीतून आणि स्विचमधून जातो. वायर तापते, कडक झालेले आवरण तडकते. त्यात जळलेल्या फ्यूजच्या जागी सिगारेटच्या पाकिटातली चांदी गुंडाळलेली असली, तर आगीला आमंत्रणच. फ्यूजने जळायचे ते वायर वाचावी म्हणून.

म्हणून क्रम महत्त्वाचा. प्रथम बॅटरीचे ऋण टोक सोडवावे. अर्थच्या जोडण्या घासून चकचकीत कराव्यात, बोल्ट घट्ट आवळून वर व्हॅसलीन लावावे. मग बॅटरी जोडून, दिवा लावून मल्टिमीटरचे एक टोक बॅटरीच्या ऋण खुंटीला आणि दुसरे दिव्याच्या अर्थला लावावे. आकडा शून्याजवळ हवा. अर्धा व्होल्ट दिसला तर वाट अजून मोकळी नाही. वायरी बदलायच्या तर एका वेळी एकच लाईन घ्यावी, जाडी मूळची किंवा थोडी जास्त. हेडलाईटला रिले बसवला की स्विचवरचा भार जातो.

प्रत्येक वायरीला चिठ्ठी हवीच. आमच्याकडे माझे माहेर मराठी, सासर कन्नड. त्यामुळे चिठ्ठ्याही दोन्ही भाषांत झाल्या. ‘पुढचा डावा’च्या खाली मामंजींनी ‘मुंदे एड’ लिहिले. ‘बल’ म्हणजे जोर नव्हे, उजवी बाजू, हे मुलांना तेव्हा पक्के कळले.

आता दिवे स्वच्छ लागतात. खासगी गाडीची नोंदणी पंधरा वर्षांनंतर दर पाच वर्षांनी नवी करावी लागते, त्या तपासणीतही दिवे पाहतात. वायरिंगचा नकाशा आम्ही आर.सी.बुकाबरोबरच ठेवला आहे. भंगाराचा विषय घरात पुन्हा कुणी काढलेला नाही.