आजोबा, थांबा! लगेच उठू नका

नाशिकच्या गंगापूर रोडवर आमच्या शेजारी एक आजोबा राहतात. मांडीचं हाड मोडलं, ऑपरेशन झालं आणि बरेच दिवस ते अंथरुणालाच खिळून राहिले. मग घरी फिजिओथेरपिस्ट ताई यायला लागल्या. मला वाटलं, आता पायाचा व्यायाम सुरू. पण ताईंनी आधी दंडाला पट्टा गुंडाळला आणि बीपी, म्हणजे रक्ताचा दाब, बघितलं. आजोबांना पलंगाच्या कडेला बसवलं, पुन्हा बीपी. हात धरून उभं केलं, पुन्हा बीपी! दुखणं पायाचं आणि पट्टा दंडाला, असं का बरं?

कारण उभं राहणं ही शरीराची केवढी तरी मोठी कसरत असते.

आपल्या रस्त्याने पुढे गेलं की गोदावरीवरचं गंगापूर धरण लागतं. धरणाचा बांध माथ्यावर अरुंद आणि तळाशी कितीतरी रुंद असतो. पाणी जितकं खोल, तितका त्याचा दाब जास्त, म्हणून. तुमच्या अंगातल्या रक्तालाही हाच नियम लागू आहे. आडवे असता तेव्हा डोकं, छाती, पाय सगळे एका पातळीत. उभे राहिलात की अर्धा लिटर किंवा त्याहूनही जास्त रक्त पोटात आणि पायांत उतरतं. आणि मेंदू तर सगळ्यात वर, गच्चीवरच्या टाकीसारखा! तिथे रक्त कमी पोचलं की डोळ्यांपुढे अंधारी येते.

मग तुम्ही टुणकन उठता, तेव्हा तुम्हाला चक्कर का येत नाही? मानेच्या दोन्ही बाजूंच्या मोठ्या धमन्यांमध्ये आणि हृदयाजवळच्या महाधमनीत दाब ओळखणारे पहारेकरी असतात. दाब जरा उतरला की ते मेंदूला कळवतात. लगेच हृदय भराभर धडधडतं, रक्तवाहिन्या आवळल्या जातात आणि रक्त पुन्हा वर चढतं. तुम्हाला पत्ताही लागत नाही! खूप दिवस झोपून राहिलं की मात्र हे पहारेकरी सुस्तावतात. शरीरातलं रक्तही थोडं कमी होतं. म्हणून ताई आजोबांना उभं करून तीन मिनिटं लक्ष ठेवत होत्या. तेवढ्यात बीपीचा वरचा आकडा २० किंवा त्याहून जास्त घसरला, तर सांभाळायला हवं.

आता हा आकडा कशाचा? बीपी १२० म्हणजे पाऱ्याच्या नळीतली १२० मिलिमीटर उंची. पारा पाण्याच्या साडेतेरा पटींहूनही जड. त्यामुळे तेवढाच दाब पाण्याने मोजायचा, तर नळीत सव्वापाच फुटांहून उंच पाणी उभं राहील. तुमच्या आईएवढं! मुठीएवढं हृदय हे दर ठोक्याला करतं. स्टीफन हेल्स नावाच्या इंग्लंडमधल्या एका धर्मगुरूने घोडीच्या धमनीला काचेची उंच नळी जोडून पाहिली होती, तेव्हा रक्त सव्वाआठ फूट चढलं. १७३३ साली त्याने ते छापलं. बिचारी घोडी! आज नुसता पट्टा पुरतो, हे किती बरं.

शाळेत परेडला ताठ उभं असताना एखादी मुलगी चक्कर येऊन पडलेली तुम्ही पाहिली असेल. चालताना तसं सहसा होत नाही. कारण आपल्याकडे आणखी एक पंप आहे, पोटरी! पाऊल टाकलं की पोटरीचा स्नायू आवळतो आणि शिरांमधलं रक्त वर ढकलतो. शिरांना आत झडपा असतात, त्यामुळे ते परत खाली घसरत नाही. ताई आजोबांना उठवण्याआधी म्हणत होत्या, “बाबा, आधी पंजे वर-खाली करा,” ते हा पंप सुरू करायलाच.



रक्त खाली कसं उतरतं, हे आत्ता करून बघा. एक हात सरळ वर धरा, दुसरा खाली सोडा. एक मिनिट थांबा आणि दोन्ही हात शेजारी शेजारी आणून बघा. वरचा फिका दिसेल, खालचा लालसर, शिरा फुगलेला.

आणि उद्या सकाळी आजी-आजोबा उठायला लागले की त्यांना सांगा, आधी बसा, पंजे हलवा, मग उभे राहा. तोवर त्यांची काठी हाताशी आणून द्या.