महारेराचा नंबर आहे, मग घर अधिकृतच?

डोंबिवलीत किंवा कल्याणला फ्लॅट बघायला गेलं की एजंट ठरलेलं वाक्य ऐकवतो : ‘महारेरा प्रोजेक्ट आहे, बिनधास्त घ्या.’ गिऱ्हाईक मोबाईलवर महारेराचा, म्हणजे राज्याच्या स्थावर संपदा नियामक प्राधिकरणाचा, नोंदणी नंबर टाकतं, सरकारी संकेतस्थळावर इमारतीचं नाव, बिल्डरचं नाव, मजले, फ्लॅटची संख्या सगळं दिसतं, आणि मनातली शंका मिटते. सरकारच्या संगणकात आहे म्हणजे कुणीतरी तपासलेलंच असणार, असा त्यामागचा विश्वास असतो. हा विश्वास किती महाग पडू शकतो, ते डोंबिवलीच्या 65 इमारतींनी दाखवून दिलं आहे. कल्याण-डोंबिवली महापालिकेच्या नावाने बनावट बांधकाम परवानग्या तयार झाल्या, त्या महारेराच्या संकेतस्थळावर चढवल्या गेल्या, त्यावर नोंदणी क्रमांक मिळाले आणि त्या क्रमांकांच्या भरवशावर फ्लॅट विकले गेले. वास्तुविशारद संदीप पाटील यांनी माहिती अधिकाराच्या आधारे हे प्रकरण उघडं केलं आणि जनहित याचिका लढवली. 19 नोव्हेंबर 2024 रोजी मुंबई उच्च न्यायालयाने या इमारती तीन महिन्यांत पाडण्याचा आदेश दिला. नंतर रहिवाशांनी दाद मागितली, राज्य सरकारनेही दिलासा देण्याची भाषा केली. पण आयुष्याची पुंजी घातलेलं घर बेकायदा निघालं, हे सत्य त्या कुटुंबांसाठी बदललं नाही.

या प्रकरणाकडे बिल्डरांची लबाडी आणि अधिकाऱ्यांची डोळेझाक म्हणून पाहिलं जातं, ते योग्यच आहे. पण प्रोग्रॅम लिहिणाऱ्या माणसाच्या नजरेतून पाहिलं तर त्यात आणखी एक गोष्ट दिसते. संगणकातली नोंद म्हणजे पुरावा, ही समजूत आपल्याकडे इतकी खोल रुजली आहे, की तिच्या आधारावर फसवणुकीचा धंदा उभा राहू शकतो. प्रत्येक नोंद एका ठरावीक प्रश्नाचं उत्तर देते आणि आपण तिच्याकडून भलत्याच प्रश्नाचं उत्तर घेऊन घरी जातो.

ऑनलाईन अर्ज भरताना संगणक काय तपासतो, ते आधी पाहू. बांधकाम परवानगीच्या रकान्यात फाइल जोडली आहे का, ती पीडीएफ आहे का, ठरवलेल्या आकारापेक्षा मोठी तर नाही ना, तारखेच्या जागी तारीख आहे का. एवढं झालं की अर्ज पुढे सरकतो. त्या पीडीएफमधली सही नगररचना अधिकाऱ्याची आहे की कुणी शिक्का बनवून उमटवली आहे, हे सांगणारं काही त्या फाइलमध्ये नसतं. स्कॅन केलेला कागद संगणकाच्या लेखी एक चित्र असतं. पोस्टमन पाकिटावरचा पत्ता बघून पत्र पोचवतो, आतला मजकूर खरा की खोटा हे तो सांगू शकत नाही, तसंच इथे होतं. मजकूर खरा आहे का हे कळायचं, तर ज्या कार्यालयाने परवानगी दिली म्हणतात त्या कार्यालयालाच विचारावं लागतं. डोंबिवलीच्या प्रकरणात नेमकं तेवढंच राहून गेलं होतं.

मग महारेरा नोंदणीला अर्थच नाही का? आहे, पण तिचा अर्थ मर्यादित आहे. 2016 चा स्थावर संपदा कायदा आपल्याकडे 1 मे 2017 पासून पूर्णपणे लागू झाला. त्यात प्रवर्तकाने, म्हणजे बिल्डरने, कागदपत्रं आणि प्रतिज्ञापत्र सादर करायचं आणि प्राधिकरणाने 30 दिवसांत निर्णय द्यायचा, अन्यथा नोंदणी झाली असं मानायचं, अशी रचना आहे. ही रचना अर्जदाराच्या शब्दावर उभी आहे. ग्राहकाचे पैसे वेगळ्या खात्यात राहावेत, ताबा वेळेवर मिळावा, जाहिरातीत सांगितलं ते द्यावं, यासाठी ती मोलाची आहेच. ठाणे जिल्ह्यातल्या जुन्या प्रकल्पांचे क्रमांक इंग्रजी पी आणि 517 ने सुरू होतात, त्यातला 517 हा जिल्ह्याचा संकेत. म्हणजे प्रकल्प कुठल्या जिल्ह्यात नोंदवला गेला हे क्रमांकातून कळतं. जमीन कुणाची आणि परवानगी खरी की खोटी, हे त्या आकड्यांमधून कळण्याची काही सोय नाही.

हीच गल्लत बाकीच्या कागदांबाबतही होते. ‘रजिस्ट्रेशन झालंय, इंडेक्स टू (दस्तनोंदणीचा उतारा) हातात आहे’ असं ठामपणे सांगितलं जातं. दुय्यम निबंधक 1908 च्या नोंदणी कायद्याखाली दस्त नोंदवतो. अमक्या तारखेला अमक्या दोघांमध्ये हा करार झाला, मुद्रांक शुल्क भरलं गेलं, एवढं त्यातून सिद्ध होतं. विकणाऱ्याला विकण्याचा हक्क होता किंवा इमारत मंजूर होती, असा दाखला त्यात नसतो. ‘घरपट्टी भरतो, पावती आहे’ हा दुसरा आधार. महाराष्ट्र महानगरपालिका अधिनियमातलं कलम 267 अ मुद्दाम वाचण्यासारखं आहे : बेकायदा बांधकामावर शास्ती म्हणून जादा कर आकारता येतो आणि तो भरला म्हणून बांधकाम नियमित होत नाही, असं तिथे स्पष्ट म्हटलं आहे. म्हणजे पावती असणं आणि इमारत बेकायदा असणं या दोन गोष्टी एकत्र नांदू शकतात. वीजमीटरचंही तेच. वीज कंपनी जोडणी देते, नकाशा मंजूर करत नाही. सगळ्यांत मोठा भरवसा असतो तो बँकेच्या कर्जाचा. ‘बँकेने वकील लावून तपासलं असेल की!’ पण त्या 65 इमारतींतल्या अनेक खरेदीदारांना बँकांनी गृहकर्ज दिलं होतं. एका खोट्या कागदावर महारेराचा क्रमांक उभा राहिला, क्रमांकावर करार, करारावर कर्ज. पुढच्या प्रत्येकाने मागच्याने तपासलं असेल असं धरलं, आणि पहिल्या कागदाकडे परत कुणी गेलंच नाही.

आता कुणी म्हणेल, मग जुना कागदच बरा होता. हा निष्कर्ष चुकीचा आहे. बनावट शिक्का आणि बनावट सही हा कागदाच्या काळातलाच गुन्हा आहे. संगणकाने त्याला फक्त एक भारदस्त जागा मिळवून दिली. खरा उपाय तंत्रज्ञानात कधीपासून आहे. 2000 सालच्या माहिती तंत्रज्ञान कायद्याने मान्य केलेली डिजिटल सही म्हणजे सहीचं चित्र नव्हे. दस्तऐवजातल्या प्रत्येक अक्षरावरून एक गणिती ठसा काढला जातो आणि तो अधिकाऱ्याजवळच्या गुप्त किल्लीने बंद केला जातो. नंतर कुणी एक स्वल्पविराम जरी बदलला तरी ठसा जुळत नाही आणि छेडछाड उघड होते. महाराष्ट्रात 2018 पासून सातबारा अशा सहीने मिळतो. परवानगीचा प्रत्येक कागद अशा सहीचा असता आणि नोंदणी करणाऱ्या प्रणालीने तीच तपासली असती, तर रबरी शिक्का कोरणाऱ्याच्या हाती काही उरलं नसतं.

पण इथेही दोन गैरसमज आडवे येतात. सरकारी पीडीएफ, समजा ई-आधार, उघडली की सहीच्या चौकटीवर पिवळं प्रश्नचिन्ह दिसतं आणि ‘वैधता अज्ञात’ अशा अर्थाचा इंग्रजी मजकूर येतो. लोक घाबरतात, फाइल खोटी आहे म्हणतात. बहुतेक वेळा त्याचा अर्थ एवढाच, की सही देणाऱ्या भारतीय संस्थेला त्या प्रोग्रॅमने अजून विश्वासू यादीत घेतलेलं नाही. सहीवर क्लिक करून ते प्रमाणपत्र एकदा यादीत घेतलं की हिरवी खूण येते. याच्या नेमका उलट दुसरा गैरसमज. तीच फाइल झेरॉक्सच्या दुकानात छापून घेतली की ‘डिजिटली साइन्ड’ हे शब्द कागदावर उमटतात आणि आपण समाधान मानतो. छापताक्षणी ते गणित गळून पडतं, उरते नुसती अक्षरं, आणि अक्षरं कुणीही छापू शकतं. छापील सातबारा तपासायचा असेल तर त्यावरचा पडताळणी क्रमांक अधिकृत संकेतस्थळावर स्वतः टाकून पाहावा लागतो.

क्यूआर कोडबद्दलही असंच आहे. 1 ऑगस्ट 2023 पासून महारेराने प्रकल्पांच्या जाहिरातीत तो सक्तीचा केला, आणि ते चांगलंच झालं. पण क्यूआर म्हणजे ठिपक्यांत लिहिलेला पत्ता. तो कुठे नेईल हे लिहिणाऱ्याने ठरवलेलं असतं. हुबेहूब सरकारी दिसणारं पान बनवून तिकडे नेणारा कोड छापणं फारसं अवघड नाही. स्कॅन केल्यावर वर दिसणाऱ्या पत्त्यात संकेतस्थळाचं नाव ‘जीओव्ही डॉट इन’वर संपतं का, हे बघायचं, नाहीतर कोडाच्या वाटेला न जाता संकेतस्थळ स्वतः उघडायचं. 2025 च्या अखेरीस मध्य रेल्वेच्या एसी लोकलमध्ये मोबाईलवर बनावट पास दाखवणारे प्रवासी पकडले गेले, त्यातही हेच सूत्र होतं. चित्र बनवण्याची साधनं आता सगळ्यांच्या खिशात आहेत. म्हणूनच रेल्वे लोकलच्या मोबाईल तिकिटाचा स्क्रीनशॉट ग्राह्य धरत नाही, तिकीट ॲपमध्येच दाखवावं लागतं. पडद्यावरच्या दिसण्यावर विसंबणारी कुठलीही तपासणी यापुढे टिकणार नाही.

‘ब्लॉकचेन आणा, सगळं थांबेल’ असं सांगणारेही भेटतात. ब्लॉकचेनमधली नोंद मागाहून बदलणं जवळजवळ अशक्य असतं, हे खरं. पण मुळात खोटी नोंद आत गेली तर तीही तितकीच पक्की होते. दारावरची तपासणी कच्ची असेल तर आतली तिजोरी कितीही मजबूत असून उपयोग नाही.

यावर सगळ्यांत रास्त आक्षेप असा, की सामान्य माणसाने किती तपासायचं? सकाळी डोंबिवलीहून लोकलला लोंबकळत जाणाऱ्या आणि रात्री परतणाऱ्या माणसाने नगररचना विभागाच्या फाइली चाळायच्या का? मुळीच नाही. ही जबाबदारी सरकारी यंत्रणांची आहे आणि त्यांना ती पेलता येते. कल्याण-डोंबिवली महापालिकेने या शतकाच्या सुरुवातीलाच नागरी सुविधा केंद्र आणि संगणकीकृत कारभार सुरू केला होता, आणि तो नमुना पुढे राज्यातल्या इतर पालिकांनी घेतला. म्हणजे संगणक नव्हते अशी सबब या शहराला देता येत नाही. पालिकेच्या दप्तरात खऱ्या परवानग्यांची नोंद होती, महारेराकडे अर्ज होते, फक्त दोन प्रणाली एकमेकींशी बोलत नव्हत्या. हे प्रकरण गाजल्यावर, 2023 मध्ये, महारेराने परवानगीची खातरजमा संबंधित पालिकेकडून ईमेलने करून घ्यायला सुरुवात केली. पालिकांची संकेतस्थळं महारेराशी जोडण्याबाबत उच्च न्यायालयानेही बजावलं. ईमेल हा तात्पुरता टेकू आहे. अर्जात परवानगीचा क्रमांक टाकताच पालिकेच्या नोंदीशी तो आपोआप ताडून पाहिला जाणं आणि न जुळल्यास अर्ज तिथेच अडणं, हे सॉफ्टवेअरच्या दृष्टीने अवघड काम नाही. ते न करणं हा तांत्रिक अडथळा नसून प्रशासकीय निर्णय आहे, आणि नागरिकांनी त्याचा जाब विचारला पाहिजे.

तोवर घर घेणाऱ्याने एक काम जरूर करावं. टोकन देण्याआधी बिल्डरकडून बांधकाम परवानगीची प्रत मागा, तिचा क्रमांक आणि तारीख उतरवून घ्या आणि महापालिकेच्या नगररचना विभागाला लेखी विचारा, की ही परवानगी तुम्ही दिली आहे का. माहिती अधिकाराच्या अर्जाला दहा रुपये लागतात आणि उत्तराची मुदत 30 दिवसांची आहे. तेवढे दिवस थांबायला जो बिल्डर तयार नसेल, त्याच्याकडे घर घेऊ नका.