फ्रान्झ ओस्टेन : म्युनिक ते मालाड

'अछूत कन्या' (१९३६) हा बोलपट म्हटला की अशोककुमार आणि देविका राणी आठवतात, सरस्वतीदेवींचे संगीत आठवते. दिग्दर्शकाचे नाव विचारले असता मात्र बहुतेकांच्या तोंडी हिमांशु राय यांचे नाव येते. हिमांशु राय हे 'बॉम्बे टॉकीज'चे संस्थापक व निर्माते. चित्रपट दिग्दर्शित केला तो फ्रान्झ ओस्टेन या जर्मन गृहस्थांनी, आणि त्यांना हिंदी भाषा येत नव्हती. ज्या भाषेतील संवाद कळत नाहीत, त्या भाषेतील चित्रपट हा माणूस कसा करू शकला, याचे उत्तर त्यांच्या पूर्वायुष्यात सापडते.

ओस्टेन यांचा जन्म २३ डिसेंबर १८७६ रोजी म्युनिक येथे झाला. मूळ आडनाव ओस्टरमायर. पुढे ते आखूड करून त्यांनी 'ओस्टेन' केले. जर्मन भाषेत या शब्दाचा अर्थ 'पूर्व दिशा' असा होतो. योगायोगच, परंतु लक्षात राहण्याजोगा. वडील छायाचित्रकार, आणि मुलानेही तीच विद्या घेतली. जोडीला नटाचा व्यवसायही करून पाहिला. १९०७ साली धाकटे बंधू पेटर यांच्यासह त्यांनी एक फिरता सिनेमा काढला. त्यात दाखविल्या जाणाऱ्या लघुपटांपैकी एक हिंदुस्थानातील जीवनाविषयी होता. तिसऱ्याच दिवशी प्रक्षेपणयंत्राला आग लागली आणि तो उद्योग संपला.

येथे आपल्या दादासाहेब फाळक्यांची आठवण होते. तेही मूळचे छायाचित्रकार. बडोद्याच्या कलाभवनात शिकलेले, आणि १९०९ साली छपाईचे तंत्र शिकण्यासाठी जर्मनीस जाऊन आलेले. दोघांची भेट झाली असे मी सुचवीत नाही. चित्रपटकलेची पहिली पिढी छायाचित्रणाच्या अंधाऱ्या खोलीतून बाहेर आली, एवढेच लक्षात घ्यावे.

१९११ मध्ये 'एर्ना व्हालेस्का' हा ओस्टेन यांचा पहिला कथापट तयार झाला. पहिल्या महायुद्धाने ही वाटचाल खंडित केली. आरंभी वार्ताहर आणि नंतर सैनिक म्हणून त्यांची ती वर्षे गेली. पेटर ओस्टरमायर यांनी १९१९ मध्ये म्युनिकजवळ गाइझलगास्टाइग येथे चित्रनगरीचा पाया घातला. युद्धानंतर फ्रान्झ म्युनिकच्या 'एमेल्का' या संस्थेसाठी चित्रपट करू लागले. त्यांत बव्हेरियाच्या ग्रामीण जीवनावरील नाट्ये बरीच होती. बर्लिनमधील समकालीन दिग्दर्शक छायाप्रकाशाचे आणि विकृत नेपथ्याचे प्रयोग करीत होते, तेव्हा म्युनिकची मंडळी डोंगर, शेते आणि शेतकऱ्यांची भांडणे चित्रित करीत होती. समीक्षकांनी बर्लिनला डोक्यावर घेतले, ते योग्यच होते. पण हिंदुस्थानात उपयोगी पडली ती म्युनिकची शाळा, असे माझे मत आहे.

१९२४ साली हिमांशु राय हे तरुण बंगाली कायदेपंडित भागीदाराच्या शोधात म्युनिकला आले. भगवान बुद्धांच्या जीवनावर मूकपट काढण्याची योजना त्यांच्यापाशी होती. त्याला आधार एडविन आर्नल्ड यांच्या काव्याचा, आणि पटकथा निरंजन पाल यांची. १९२५ च्या आरंभी ओस्टेन, छायालेखक योझेफ विर्शिंग व आणखी दोघे जण आगबोटीने मुंबईकडे निघाले. 'प्रेम संन्यास' हा चित्रपट खऱ्या राजवाड्यांत, खऱ्या उन्हात चित्रित झाला. जयपूरच्या महाराजांनी साहाय्य केले. बुद्धाची भूमिका स्वतः राय यांनी केली. त्याच वर्षी ऑक्टोबरात म्युनिकला त्याचा प्रथम खेळ झाला. (तरुण हिचकॉक याच वर्षी याच एमेल्कासाठी आपला पहिला चित्रपट करीत होता, हे जाता जाता सांगतो.) पाठोपाठ 'शिराज' (१९२८) आणि 'प्रपंच पाश' (१९२९) हे मूकपट आले.

१९३४ मध्ये मालाड येथे 'बॉम्बे टॉकीज' उभी राहिली, तेव्हा राय यांनी ओस्टेन व विर्शिंग यांना पुन्हा बोलावून घेतले. पुढील चार-पाच वर्षांत ओस्टेन यांनी पंधरा-सोळा बोलपट दिग्दर्शित केले. धारवाडच्या लीला चिटणीस यांचा 'कंगन' (१९३९) त्यांपैकीच. 'अछूत कन्या'ची रचना पाहावी. रेल्वेचे फाटक, फाटकवाल्याची मुलगी कस्तुरी, ब्राह्मण दुकानदाराचा मुलगा प्रताप, आणि शेवटी रुळांवरून धावत येणारी गाडी. संवाद बाजूला ठेवले तरी कथा डोळ्यांना कळते. छायाचित्रकाराचा मुलगा, मूकपटाचा कसबी आणि खेड्यातील कुलाभिमानाच्या कथा वर्षानुवर्षे रंगविलेला दिग्दर्शक, असे तिघेही त्या चित्रपटात एकत्र काम करतात.

परंतु याच १९३६ साली ओस्टेन नाझी पक्षाचे सभासद झाले. ही गोष्ट लपवून त्यांचे चरित्र सांगता येणार नाही. अस्पृश्यतेच्या अन्यायावर चित्रपट करणारा मनुष्य वंशद्वेष हेच ज्याचे तत्त्वज्ञान अशा पक्षात जातो, आणि त्याच काळात त्या पक्षाच्या राज्याला पारखे झालेले वॉल्टर कॉफमन हे ज्यू संगीतकार मुंबईत आश्रयाला असतात. आकाशवाणीची आपल्या सर्वांच्या कानांत बसलेली आरंभधून ही त्यांची रचना मानली जाते. सभासदत्व परदेशस्थ जर्मनांच्या सोयीपुरते होते, अशी मखलाशी कोणी केल्यास मला ती पटत नाही. तशीच, त्यामुळे कस्तुरीचे दुःख खोटे ठरते, हेही मी मानीत नाही. या दोन गोष्टींचा मेळ मला आजवर घालता आलेला नाही.

सप्टेंबर १९३९ मध्ये युद्ध पेटले आणि ब्रिटिश सरकारने स्टुडिओतील जर्मनांना अटक केली. ओस्टेन यांना वयामुळे १९४० मध्ये सोडण्यात आले व ते मायदेशी परतले. हिमांशु राय त्याच वर्षी निवर्तले. विर्शिंग मात्र नजरकैद भोगून येथेच राहिले. 'महल' (१९४९) आणि त्यांच्या मृत्यूनंतर १९७२ मध्ये प्रदर्शित झालेला 'पाकीज़ा' यांचे छायालेखन त्यांचेच. ओस्टेन यांनी नंतर पुन्हा हिंदी चित्रपट केला नाही. युद्धानंतर बव्हेरियातील बाड आयब्लिंग या आरोग्यस्नानाच्या गावी ते व्यवस्थापक म्हणून काम करीत होते. तेथेच २ डिसेंबर १९५६ रोजी त्यांचे निधन झाले.