विश्लेषण : रेडिओने नाकारलेली पेटी गोविंदराव टेंबेंनी मैफलीत कशी आणली?

अमरावती-अकोल्याच्या गावोगावच्या भजनी मंडळांत पेटी म्हणजेच हार्मोनियम हमखास दिसते. मात्र हेच वाद्य तीन दशके देशाच्या सरकारी रेडिओवर वर्ज्य होते. त्याला स्वतंत्र मैफलीचा दर्जा मिळवून देणाऱ्यांत गोविंदराव टेंबे यांचे नाव अग्रभागी आहे.

गोविंदराव टेंबे कोण होते?

कोल्हापूरजवळच्या सांगवडे येथे १८८१ मध्ये त्यांचा जन्म झाला. भास्करबुवा बखले यांच्या गायकीचा त्यांच्यावर खोल ठसा होता. १९११ मध्ये रंगभूमीवर आलेल्या ‘मानापमान’च्या पदांना त्यांनी चाली दिल्या. १९१३ मध्ये बालगंधर्व आणि गणपतराव बोडस यांच्यासह त्यांनी गंधर्व नाटक मंडळी स्थापन केली. ‘अयोध्येचा राजा’ (१९३२) या बोलपटात ते हरिश्चंद्र झाले आणि संगीतही त्यांचेच होते. कापसाच्या पैशाने भरभराटलेल्या वऱ्हाडात संगीत नाटकांचे दौरे होत. ती नाट्यपदे घरोघरच्या पेटीवर वाजू लागली.

त्यांच्या वादनाचे वेगळेपण काय?

युरोपात पियानोवादक एकटा रंगमंचावर बसतो आणि मैफल त्याचीच असते. आपल्याकडे पेटीवाला गवयाच्या बाजूला बसून त्याचे सूर धरतो. टेंब्यांनी ही चौकट मोडली. आलाप, बोल, तान अशी गायकीची अंगे त्यांनी पट्ट्यांवर उतरवली आणि पेटीचे एकलवादन जाणकारांना ऐकायला लावले.

मग आक्षेप कशाला होता?

पियानोप्रमाणेच हार्मोनियममध्ये सप्तकाचे बारा समान भाग असतात. त्यामुळे तिचा शुद्ध गंधार तंबोऱ्यातून उमटणाऱ्या स्वयंभू गंधारापेक्षा किंचित चढा लागतो. हा फरक दोन लगतच्या पट्ट्यांमधील अंतराच्या सुमारे सातव्या हिश्शाइतका असतो. शिवाय एका स्वरावरून दुसऱ्यावर घसरत जाणारी मींड पट्ट्यांवर निघत नाही. वाद्य मूळचे युरोपातले, हाही राष्ट्रीय भावनेच्या त्या काळात मुद्दा होताच. रवींद्रनाथ टागोरांचाही पेटीला विरोध होता. अखेर १ मार्च १९४० पासून ऑल इंडिया रेडिओने तिच्यावर बंदी घातली.

बंदीचा परिणाम काय झाला?

टेंबे १९५५ मध्ये निवर्तले, तेव्हाही बंदी कायम होती. संगीतकार, नट आणि ‘माझा संगीत व्यासंग’चे लेखक म्हणून त्यांना मान मिळत होता, पण त्यांचे वाद्य रेडिओच्या दाराबाहेर होते. ज्या काळात दूरच्या गावांपर्यंत शास्त्रीय संगीत रेडिओच पोहोचवत होता, त्या काळात पेटीवादकांची एक पिढी श्रोत्यांना तिथे ऐकू आलीच नाही.

पेटी परत कशी आली?

१९७१ मध्ये बंदी अंशतः उठली आणि साथीला परवानगी मिळाली. पण मैफलींतून पेटी कधी गेलीच नव्हती. मराठवाड्यातून आलेल्या अप्पा जळगावकरांनी भीमसेन जोशींसारख्या गायकांना साथ केली. गोव्यातील बोरीचे तुळशीदास बोरकर यांना २०१६ मध्ये पद्मश्री मिळाली. गंधाराचा आक्षेप शास्त्राच्या दृष्टीने आजही खरा आहे, म्हणूनच काही वादक पेटीच्या पत्त्या घासून स्वर नैसर्गिक अंतरांवर जुळवून घेतात. वाद्याची मर्यादा टेंब्यांनाही पुसता आली नाही. तिच्यासकट मैफल रंगवता येते, एवढे त्यांनी वाजवून दाखवले.